नकाशातलं निळं तळं

फार पूर्वीच्या काळी एका राज्यात एक चितारी राहत होता. राजासाठी नकाशे काढणं हे त्याचं काम. राजा मोठा आळशी. पालखीत बसायचासुद्धा त्याला कंटाळा, त्यामुळे नकाशात दिसेल तेवढंच राज्य त्याला ठाऊक.

चितारी हुशार होता, पण साडूचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. साडूचं गाव ओढ्यापलीकडे होतं. तिथलं तळं भर उन्हाळ्यातही काठोकाठ भरलेलं. चिताऱ्याच्या गावचं तळं मात्र एवढंसं, उन्हं तापली की तळाला जायचं. त्यात बायको म्हणायची, “अहो, ताईच्या गावी बघा, म्हशीसुद्धा पोहतात!” झालं, चिताऱ्याला पुढचा घास गोड लागत नसे.

एकदा राजानं नवा नकाशा मागितला. चिताऱ्यानं आपलं गाव तळहाताएवढं काढलं आणि त्यात हे भलंमोठं निळं तळं रंगवलं. साडूचं गाव मोहरीएवढं काढलं. त्याचं तळं काढलंच नाही. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

चैत्रात राजधानीत पाणी आटलं. राजानं नकाशा उघडला, निळ्या तळ्यावर बोट ठेवलं आणि हुकूम सोडला, “आपले सगळे हत्ती इथं पाठवा!”

हत्ती आले. गावाचं पाणी निम्म्यावर आलं. माहूत घाबरला. त्यानं चिताऱ्याला विचारलं, “पलीकडच्या गावात पाणी आहे का हो?”

एक शब्द पुरला असता. पण राजाचे हत्ती साडूच्या दारात झुलणार, हे चिताऱ्याला कसं बघवेल?

“छे! नकाशात दिसतंय का कुठं?” तो म्हणाला.

दोन दिवसांत तळ्यात नुसता चिखल उरला. गावातली पोरं पाण्यासाठी रडू लागली. बायको रिकामी घागर घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

तेवढ्यात साडू बैलगाडीत पाण्याची पिंपं घालून आला. “हत्ती आमच्याकडे पाठवा,” तो माहुताला म्हणाला, “आमचं तळं भरलेलं आहे.”

माहूत म्हणाला, “नकाशात नाही तिथं हत्ती नेले, तर राजेसाहेब माझी मान उडवतील.”

सगळे चिताऱ्याकडे बघू लागले. त्याची मान खाली गेली. “मीच खोटं काढलं,” तो पुटपुटला. “तुमचं तळं मला बघवत नव्हतं.”

तो नकाशा दुरुस्त करायला बसला. पण निळ्या रंगाची वडी कोरडी ठणठणीत, आणि ती भिजवायला गावात थेंबभर पाणी नव्हतं. साडूनं आपल्या पिंपातून तांब्याभर पाणी काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“आहे तेवढंच काढा हं, साडूभाऊ,” तो म्हणाला. “मोठं काढलंत तर घोडेही आमच्याकडेच येतील.”

तात्पर्य: दुसऱ्याचं चांगलं लपवायला जे खोटं चित्र आपण काढतो, त्यावर जग विश्वास ठेवतं, आणि त्याची झळ आधी आपल्याच घराला लागते.