मांडीतलं इंजेक्शन

"आता तरी परवानगी द्याल ना, स्वामीजी?"

सिद्धय्या स्वामी अजून स्टुलावर नीट टेकलेही नव्हते. गडहिंग्लजच्या त्या दवाखान्यात खाटेवर त्यांचा शिष्य निळकंठ बसला होता. निवृत्त प्राध्यापक. कालच गुडघ्याचा सांधा बदललेला, पण चेहरा लग्नाला निघालेल्या माणसाचा.

"कसली परवानगी?"

"श्रावणात मठात प्रवचनाला बसायची. 'देह दुखतो, मी दुखत नाही', हाच विषय. दरवर्षी मागतो, दरवर्षी तुम्ही 'अजून नाही' म्हणता. आता पुरावाच बघा. भुलीचं इंजेक्शन कमरेत दिलं होतं, ते कालच उतरलं. ही बघा, बोटं हलतात. आणि वेदना? नावालाही नाही."

 स्वामी शेजारच्या खाटेकडे बघत होते.

तिथं म्हातारा भिमण्णा होता. त्याचाही गुडघा बदललेला, निळकंठाच्या आदल्या दिवशी. बिचाऱ्याने टॉवेलाचा बोळा दातांत धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"टॉवेल कशाला रे बाबा?"

भिमण्णाने बोळा काढला.

"सर म्हनले, दुखनं देहाचं असतंय, वरडतोस काय पोरागत? त्यास्नी तरास नको म्हनून..."

बोळा पुन्हा तोंडात गेला.

निळकंठ समाधानाने हसला. ढ विद्यार्थी सुधारला की मास्तर हसतो तसा.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर वैजयंतीबाई आल्या. त्यांनी सुजलेला गुडघा चाचपला.

"सर, सकाळी दिलेली दुखण्यावरची गोळी तशीच आहे?"

"गरज काय?"

"अहो, कमरेतलं उतरलंय. पण मांडीत दुसरं दिलंय, गुडघ्याकडं जाणाऱ्या नसेपाशी. त्यात पाय हलतो, फक्त गुडघा दुखत नाही. तेही दुपारपर्यंत उतरेल. त्याआधी गोळी पोटात हवी. नाहीतर सगळं एकदम अंगावर येतं."

निळकंठ जरा वरमला. पण माघार घेईल तो प्राध्यापक कसला!

"काही औषधाचं असेल, काही साधनेचंही असेलच की," म्हणत त्याने गोळी ड्रॉवरमध्ये टाकली.

स्वामी उठले आणि भिमण्णाच्या खाटेवर जाऊन बसले. त्याचा हात हातात घेऊन तसेच बसून राहिले.

जेवणाची ताटं उचलून नेत होते तेव्हा निळकंठ बोलता बोलता थांबला. त्याने चादर मुठीत धरली. मग ओठ चावला. मग...

"आई गं! मेलो!"

सगळ्या वॉर्डाने माना वळवल्या. सिस्टर धावत आल्या. गोळी दिली, सलाईनमधून औषध सोडलं, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली.

"आता वेळ लागेल, सर," त्या म्हणाल्या.

निळकंठाने उशी ओढली आणि तोंडावर दाबून धरली. आवाज तरीही बाहेर येतच होता.

"सर..."

भिमण्णा टॉवेल पुढे करत होता. डोळे पुसायला.

"वरडा की. लाजू नगासा. मला काय तरास न्हाई."

निळकंठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस चिडला असता, दोन शब्द लागतील असे बोलला असता, तर सोसलं असतं. त्याने टॉवेल घेतला. बोळा केलेली कडा अजून ओली होती.

बऱ्याच वेळाने कळ थोडी ओसरली. निळकंठाला मान वर करवेना.

"स्वामीजी, ती परवानगी... मागितलीच नाही असं समजा. मला औषधानं फसवलं."

"औषधानं?"

स्वामींनी निळकंठाच्या हातातल्या ओल्या टॉवेलाकडे बघितलं.

"निळकंठा, इंजेक्शन मांडीत दिलं होतं ना?"

"हो, स्वामीजी."

"मग कान कशानं बधिर झाले होते?"