निळी फीत

“...पण पेशंटला का ढकललंत, सिस्टर?”

सुवार्ताच्या गळ्यावरचा लाल वळ नुसता पेटला होता. मनोरुग्णालयातला बायकांचा वॉर्ड, अठ्ठावीस पेशंट, सिस्टर ती एकटी. आणि सगळ्यांसमोर अधीक्षक डॉक्टर निरगुडकर तिला फैलावर घेत होते.

साहेब एरवी वॉर्डात येत ते दारापर्यंत. भिंतीवरचा फलक मात्र त्यांचाच: ‘रुग्ण चिडला तरी आपण शांत राहावे.’ प्रत्येकाच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र हवं, हाही हुकूम त्यांचाच.

“गोदीनं फीत धरून पिळली, साहेब. श्वास कोंडला माझा.”

“म्हणून ढकलायचं? डोकं आपटलं तिचं! उद्यापासून घरी बसा. निलंबनाचा कागद संध्याकाळी काढतो.”

सुवार्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते संतापाचं होतं.

कोपऱ्यात हौसामावशी त्याच गोदीला पाणी पाजत होत्या. एकतीस वर्षं त्या इथं आया. सुवार्ताला काम शिकवलं ते त्यांनीच. त्यांचं कार्ड कनवटीला खोचलेलं असे. त्यापायी दोन मेमो झाले होते.

साहेबांचा पारा चढला होता, आणि पारा चढला की साहेबांना शिकवणी सुचे.

“मावशी, तुम्हाला एवढ्या वर्षांत ओरखडा नाही म्हणतात. शिकवा हिला, शांत कसं राहायचं ते!”

“तिला कशाला? तुमाला शिकवते की.”

“मला?”

मावशींनी पेला गोदीच्या हातात दिला आणि उठल्या.

“गोदीनं फीत का धरली, इचारलंत?”

“तिला काय विचारायचं?”

“जमीन खचतीया, असं वाटतं तिला. मग हाताशी यील ते धरती.”

“ते राहू द्या! मी सिस्टरबद्दल बोलतोय. साधं शांत राहता येत...”

मावशींनी साहेबांच्या गळ्यातली फीत मुठीत धरली. एक पीळ दिला. मग दुसरा.

साहेबांचा आवाज बंद झाला. डोळे विस्फारले. दोन्ही हात पुढे आले आणि मावशी जाऊन भिंतीवर आदळल्या, फलकाच्या खालीच.

...

साहेब गळा चोळत खोकत राहिले. गोदी उठली, जवळ आली, आणि तिनं आपला पेला त्यांच्यापुढे धरला.

मावशींनी पदर सारखा केला.

“मग... कागद किती काढताय, साहेब?”