निम्म्या पाणपिसवा

माणसं नुकतीच खिडकीत मासे पाळायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. काचेच्या टाकीत एक गप्पी मासोळी राहायची. शेजारी दह्याची जुनी काचेची बरणी होती. आता तिच्यातल्या हिरव्या पाण्यात इवल्या पाणपिसवा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे पाणकिडे, उड्या मारायच्या.

मासोळीला पिल्लं झाली. कोरडे दाणे त्यांच्या तोंडात मावेनात.

"बरणीमावशी, सगळ्या पिसवा आजच द्या."

"निम्म्या देते."

"पोरं उपाशी मरतायत आणि तुम्ही चिक्कूपणा करताय?"

"अगं, विरजणही खाऊन टाकलं तर उद्या दही कशानं लावू?"

पिल्लांनी निम्म्यावर भागवलं. चार दिवसांनी बरणी पुन्हा पिसवांनी भरली. पिल्लं काचेला नाक लावून बघत राहिली.

त्या दिवशी मावशीने पुन्हा निम्म्या दिल्या, तेव्हा धाकट्या पिल्लाने आपल्या वाट्याची शेवटची पिसू तोंडातून हळूच सोडली. "मावशी, ही विरजणाला पुरेल?"