करवतीचं पलीकडचं टोक

“बाबा, शिरप्याला हसवायचं कसं, तेवढं सांगा,” मी इचारलं.

थांबा. फुडं सांगायच्या आदी पैज लावू. ह्या गोष्टीच्या शेवटाला उन्हात कोन बसलं, वळखा. वळखलंत तर माझी मिशी भादरा.

लतीफबाबा म्हंजी गावाभायेरचा फकीर. वीस सालं एकाच कडूलिंबाखाली कांबळं टाकून बसल्याला. आन शिरपा सुतार माझा ल्हानपनापास्नं दोस्त. त्याची दोघांनी ओढायची मोठी करवत सा म्हैनं भिंतीवर गंजत व्हती. इचारलं तर म्हनायचा, “मला काय धाड भरलीया?”

त्याच्या बायकोनं, हौसानं, शिरप्याच्या हाताला लागू नगं म्हनून हिरीचा दोर गुपचूप भावाच्या घरी नेऊन ठिवला व्हता.

“काय काय केलंस?” बाबानं इचारलं.

“फौजदाराचं सोंग घेतलं. त्याच्या टोपीत बेडूक सोडला.”

“मग?”

“बेडूक उचलला, न्हेऊन पान्यात सोडला… आन परत बसला.”

मी फुडं सरकलो.

“समदं गाव मी हसवतो, बाबा! ह्यो एक हसंना म्हंजी काय?”

“घरी गेल्यावर कुनाला हसवतोस, गेनबा?”

माझी बायको वारून तवा साल झालं व्हतं.

“मला काय धाड भरलीया?” मी म्हनलो.

बाबा लई हसला. म्हनला, “जा. शिरप्याची करवत घिऊन ये.”

आनली. शिरपा नुसतं “ने” म्हनला, मान वळवली न्हाई.

बाबानं कडूलिंबाकडं बोट केलं. “काप.”

“तुमच्या डोक्यावरलं?”

“काप.”

एका टोकाला बाबा, एका टोकाला मी. मी ओढली, मग जोर लावून रेटली. पातं वाकलं आन खोडात अडकून बसलं.

“रेटलीस कशाला?”

“बिगी व्हावं म्हनून.”

“आपून ओढायचं. मग सोडायचं.”

“सोडल्यावर?”

“पलीकडचा ओढतोय.”

आसं म्हनून बाबानं आपलं टोक सोडलं, जाऊन कांबळ्यावर बसला.

“आता पलीकडं कोन, बाबा?”

बाबानं गावाकडं बोट केलं.

“शिरप्याला बोलवू?”

“नगं. करवत अडकलीया, एवढंच सांग. आन हितं यिऊन टोक धरून बस.”

सांगितलं. शिरपा म्हनला, “आसू दे.”

दोन दुपारी मी एकटाच टोक धरून बसलो. हसवायला कोन न्हाई. समोर दुसरी मूठ मोकळीच… तवा कळलं, आपलं घर केवढं गप आसतंय.

तिसऱ्या दुपारी चपला वाजल्या.

“गाढवा, वाट लावलीस की रं पात्याची!” शिरपा. दाढी छातीला टेकल्याली.

जिभंवर चार इनोद आलं. गिळलं.

त्यानं पातं सोडवलं, सरळ केलं, पलीकडं बसला. मी ओढली. सोडली. त्यानं ओढली… लई हळू. मी थांबून ऱ्हायलो.

दिसाला चार बोटं कापायचो.

पाचव्या दिशी त्यानं मधीच हात थांबवला. करवतीकडं बघत म्हनला, “बरं न्हाई रं वाटत, गेन्या.”

“मलाबी,” मी म्हनलो.

कसं निघून गेलं तोंडातनं, देव जाने.

मूठ परत धरत त्यो म्हनला, “तालुक्याला डाक्टर हाय म्हनं आसल्याचा.”

“दोघं जाऊ.”

“हं. ओढ.”

झाड पडलं त्या दिशी शिरपा हसला न्हाई. पन हौसाला म्हनला, भाकरी आन गं आमाला.

मी बाबाकडं बघितलं. वैशाखाचं ऊन. डोस्क्यावर वला फडका टाकून कांबळ्यावर बसल्याला, त्याच जाग्याला. कातडं तांबडं झाल्यालं.

“बाबा, वीस सालांची सावली गेली की तुमची.”

बाबानं डोळ्यावर हात धरला आन गावाकडं बघितलं.

“झाड मधी व्हतं, गेनबा. आता शिरप्याच्या चुलीचा धूर दिसतोय हितनं… आन तुझ्याबी.”