डिझेलचा उपकर आणि खुर्चीबदल

“पण चूक कुठे आहे ते तरी दाखवा ना, बाई!”

मकरंद शेटेचा आवाज चढला होता. खाली पिठाची गिरणी चालू होती म्हणून, असं तो नंतर सांगायचा. खरं तर त्याला रागच आला होता.

इंदुमतीबाई राजमान्यांचं अभ्यासकेंद्र कराडात त्या गिरणीच्या माडीवर होतं. बाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सरकारनं नवं धोरण आणलं की ते उलटंपालटं करून तपासायचं, आणि तपासताना ना सरकारची भीड ठेवायची ना विरोधकांची, हा तिथला शिरस्ता. दोन्हीकडचे आमदार धापा टाकत जिना चढायचे, बाईंचा चहा प्यायचे आणि मुकाट ऐकून जायचे.

मकरंद हा बाईंचा सगळ्यात हुशार शिष्य. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, तोच सांगायचा.

या खेपेला राज्य सरकार डिझेलवर हवामान-उपकर लावणार होतं. त्या पैशातून डोंगरातल्या शाळांचे पत्रे काढून थंड छपरं घालायची होती. एप्रिलात त्या पत्र्याखाली पोरं नुसती भाजून निघायची हो! मकरंदच्या अहवालानं योजनेला शंभर नंबरी म्हटलं होतं. उद्या साताऱ्याला विधिमंडळाच्या समितीपुढे तो मांडायचा, आणि त्यावरच समिती निर्णय घेणार.

“चूक आहे की नाही, मला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “खुर्चीबदल झालेला नाही, एवढं ठाऊक आहे.”

खुर्चीबदल हा त्या माडीवरचा नेम. अहवाल लिहिणाऱ्यानं उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि स्वतःच्याच अहवालाशी भांडायचं. त्याच्या खुर्चीत बाई बसणार आणि त्याच्या वतीनं बोलणार. बाई निरुत्तर झाल्या, तर अहवाल पुन्हा लिहायचा.

“वेळ कुठे आहे, बाई?”

“ऊठ.”

मकरंद कुरकुरत उठला. बाई त्याच्या जागी बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पायावर पाय टाकला आणि वरचा पाय हलवायला लागल्या. थेट मकरंद!

“बोला,” त्या म्हणाल्या. “आकडे चोख आहेत. सगळं तपासलंय मी.”

“महागाई वाढेल...” मकरंद गुळमुळीत बोलला.

“अहवाल वाचा. नगण्य आहे.”

“ट्रकवाले संप करतील.”

“करू देत. येतील ताळ्यावर.”

“अहो, पण लोकांना...”

“लोकांना अर्थशास्त्र कळत नाही.”

मकरंदला झोंबलं. वाक्य त्याचंच होतं. कालच त्यानं चहा पिता पिता ते टाकलं होतं, आणि तेव्हा त्याला ते भारी वाटलं होतं. आता समोरून ऐकताना त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कळत नाही? वरच्या वाड्यांवरची पोरं शाळेत येतात कशी, पाहिलंय कधी? वडापनं! डिझेलच्या जिपांत कोंबून! मी बसलोय त्या जिपेत. डिझेल चढलं की भाडं चढणार. आणि भाडं चढलं की घरी आधी कोण बसणार? पोरगी! तुम्ही छप्पर थंडगार कराल हो, पण त्याखाली बसायला...”

तो थांबला.

बाईंचा पाय हलायचा थांबला होता.

...

“उत्तर द्या ना,” मकरंद म्हणाला. आवाज पार खाली आला होता. “कुठल्या पानावर आहे ते?”

“कुठल्याच नाही.”

“म्हणजे मी हरलो...”

“छे! हरले मी. तुझ्या खुर्चीत कोण बसलंय बघ की.”

मकरंदनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मग त्यानं अहवाल ओढला आणि शेवटाकडून खोडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तो समितीपुढे उभा राहिला.

“उपकर असाच लावलात, तर छपरं थंड होतील आणि त्याखालची पोरं घटतील.”

“विरोधकांनी पढवून पाठवलंय याला!” सत्ताधारी बाजूनं ओरडा झाला. विरोधकांनी बाकं वाजवली.

“आणि उपकर नाहीच लावलात,” मकरंद विरोधकांकडे वळला, “तर आलेली पोरं भाजून निघतील.”

बाकं वाजायची थांबली.

... आणि मग जे प्रश्न सुरू झाले, ते थांबेनात. आता कुणी कुणावर ओरडत नव्हतं. जो तो पोरांबद्दल विचारत होता. मकरंद रातोरात लिहिलेल्या नव्या अहवालातली वाट दाखवत एकेकाला उत्तर देत गेला, आणि येत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ म्हणत गेला. हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं.

संध्याकाळी तो माडीचा जिना जवळजवळ धावतच चढला.

“बाई, झालं! एकमतानं झालं! उपकरातला पहिला वाटा पोरांच्या प्रवासाला, मग छपरं!”

“शाब्बास रे माझ्या वाघा!” बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.

मकरंद हसत होता, पण हसता हसता जरा अडखळला.

“बाहेर टीव्हीवाले होते. सत्ताधारी सांगत होते, कल्पना आमचीच. विरोधक म्हणत होते, आम्हीच भाग पाडलं. दोघंही छाती फुगवून... आपलं नाव एकानंही घेतलं नाही, बाई.”

बाई ताडकन उठल्या.

“एकानंही नाही? म्हणजे आता दोघंही ती आपलीच म्हणून जपणार! आणि तू रिकाम्या हातानं आलास? पेढे कुठायत?”