नेहमीचा आवाज

“पण चाचा, ही सळई कानाला लावून तुम्हाला नेमकं ऐकू काय येतं?”

तांबवेकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचा फडक्याने सळईचा गंज पुसत राहिले. ते नगरपालिकेचे जुने चावीवाले. चाळीस वर्षं गावाचं पाणी त्यांनीच सोडलं आणि त्यांनीच बंद केलं. सळईचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि सांगायचं, इथे खणा. निवृत्त झाले तरी टाकीखालच्या लिंबाशी त्यांची बैठक कायम होती.

सर इंजिनिअरिंग कॉलेजातले. सिग्नल प्रोसेसिंग शिकवण्यात बत्तीस वर्षं गेलेली. यंत्राच्या बेअरिंगची कुरकुर असो की आईच्या पोटातल्या बाळाचे ठोके, गोंगाटातून नेमका आवाज वेगळा काढावा तो सरांनीच. दोन पेटंटं, साठावर शोधनिबंध. हे आकडे त्यांच्या बोलण्यात जरा लवकरच येत.

नगरपालिकेच्या सांगण्यावरून टाकीपासून वरच्या आळीपर्यंतच्या नळावर त्यांनी सहा सेन्सर बसवले होते, कारण आठ महिने त्या आळीत पाणी चढत नव्हतं. यंत्राने निकाल दिला : गळती नाही. मग पाणी जातं कुठे? चोरीला, दुसरं काय! उद्या अहवालावर सरांची सही झाली की आळीतल्या बासष्ट घरांची कनेक्शनं तोडली जाणार होती.

सकाळी तिथल्या हौसाबाई रिकामी घागर घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या.

“सर, आमी चोर न्हाई वो.”

“यंत्र खोटं बोलत नाही, बाई.”

सर बोलून गेले खरे, पण दुपारी ताटावरून अर्धवटच उठले. म्हणून ते इथे आले होते. विचारायला नव्हे हं, सहज गप्पा मारायला. स्वतःला त्यांनी तसंच सांगितलं होतं.

चाचांनी सळई पुढे केली.

“मला काय ऐकू येतं ते ऱ्हाऊ द्या. तुम्हीच ऐका.”

दुपारचं पाणी सुटलेलं होतं. सरांनी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला, सळई नळावर टेकवली आणि कान लावला.

“काय येतंय?”

“काही नाही. नेहमीचाच आवाज.”

“नेहमीचा म्हंजे?”

“म्हणजे... पाण्याचा. रोजचा. तो धरायचा नसतो, चाचा. तो वजा करायचा. उरेल ते खरं.” सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. “बत्तीस वर्षं मी हेच शिकवत आलोय.”

चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं.

उठले. लिंबाला टेकवलेली लांब लोखंडी चावी उचलली, चौकोनी खड्ड्यात सोडली आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागले.

“अहो, अहो! थांबा! आधी यंत्र बंद करू द्या!”

बॅटरी वाचावी म्हणून सरांनी तशी सोयच केली होती. पाणी सुटलं की यंत्र सुरू व्हायचं, आणि पाणी बंद व्हायच्या आत यंत्र बंद. या हुशारीचं त्यांना फार कौतुक होतं.

चाचा फिरवतच राहिले. सहा फेरे... सात... आठ.

नळ गप्प झाला.

आणि यंत्र बोंबलायला लागलं!

सरांनी पडद्याकडे पाहिलं. सहापैकी पाच रेषा जराशा हलल्या होत्या. चौथी ताडकन उभी राहिली होती.

“पाणी बंद झाल्यावर गळती दाखवतंय? वेडं झालं की काय हे?”

चाचा घाम पुसत होते.

सर पुटपुटत राहिले आणि मधेच थांबले. सेन्सर बसवले त्या पहिल्या आठवड्यात यंत्राने नळाचा आवाज ऐकून ठेवला होता. हा नेहमीचा, असं मानून ते तो रोज वजा करत होतं. पण गळती तर त्या आठवड्यातही होतीच की! यंत्राने ती सगळ्यात आधी ऐकली होती. ऐकली आणि फेकून दिली होती. आज यंत्र चालू असताना तो आवाज पहिल्यांदा थांबला, म्हणून ते ओरडलं.

“चाचा! चौथा! कोंडवाड्याजवळचा!”

अठ्ठावन्न वर्षांचे सर एकाच पायात चप्पल घालून उतारावरून पळत सुटले. दुसरी लिंबाखालीच राहिली. वाटेत भेटेल त्याला ते हाका मारत होते, “कुदळ आणा! फावडं आणा! अरे, सापडली!”

कोंडवाड्याच्या भिंतीमागे जुनं दगडी गटार होतं, आणि त्याच्या काठाला भर मे महिन्यात सुपाएवढ्या पानांचा अळू माजला होता. सर पंधरा दिवस त्याच्या शेजारून जात होते. परवा याच अळूच्या वड्या त्यांनी चार वेळा मागून खाल्ल्या होत्या.

हाका ऐकून आलेल्या दोघांनी खणायला घेतलं. कमरेएवढा खड्डा झाल्यावर फुटका सांधा दिसला. निरोप गेल्यावर वर टाकीपाशी चाचांनी व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी असं उसळलं की खणणारे दोघे, सर आणि अळू, सगळे चिंब झाले. सारं पाणी गटारात पळत होतं.

गलका ऐकून हौसाबाई घागरीसकट धावत आल्या. ओल्या चष्म्यानेच सरांनी त्यांना हात जोडले.

“चुकलो, बाई.” एवढंच म्हणाले.

हौसाबाईंनी आधी घागर भरून घेतली. मग म्हणाल्या, “आता लिवा की तसं.”

सरांनी तिथेच पिशवीतून अहवाल काढला, फाडला आणि परत पळत टाकीकडे आले. धाप लागली होती, पण चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराचा होता.

“चाचा, सापडली!” आणि मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “पण चाचा... बत्तीस वर्षं मी वजाच करत आलो. असं आणखी कुठे कुठे काय फेकून दिलं असेल मी?”

चाचांनी लिंबाखालची चप्पल त्यांच्याकडे सरकवली. मग ओली लोखंडी चावी त्यांच्या हातात दिली.

“धरा. गावात अजून अकरा व्हॉल्व्ह हैत.”