दावं नसलेला चांद

करकर, करकर. फार वर्षांपूर्वी एका खळ्यावर मळणी चालली की दाव्याचा असा आवाज येई, आणि मधोमध रोवलेला लाकडी तिवडा वैतागून जाई. कारण त्याच्याभोवती फिरणारा चांद्या बैल दिवसभर कुरकुरत असे.

"मला सोड की रे बाबा," एका संध्याकाळी चांद्या म्हणाला. "तो पुनवेचा चांद बघ. ना दावं, ना खुंटा. खुशाल फिरतोय."

"किती वेळा सांगू तुला?" तिवडा म्हणाला. "त्यालाही धरणीनं धरलंय. तो सारखा तिच्याकडे पडतोच आहे, पण पुढंही पळतोय, म्हणून नुसता फिरत राहतो."

"मग दावं कुठंय?"

"दावं नाही, ओढ आहे. ती नसती तर सरळ निघून गेला असता, पुन्हा दिसला नसता."

"मला सुटू दे, मीही पुन्हा दिसणार नाही."

तेवढ्यात खळ्याच्या धन्यानं येऊन दावं सोडलं. समोर मोकळं रान होतं. मागं गोठ्यात पाय दुखावून बसलेला चांद्याचा जोडीदार हंबरला.

"जा की आता सरळ," तिवडा म्हणाला.

चांद्या गोठ्याकडे चालू लागला.